उलट बाजूची सफाई

१९२५ साली जॉन सेंट हेलियर लँडर या चित्रकाराने प्रिन्स ऑफ वेल्सचे एक चित्र रंगवले. पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेला आणि वर्षभराच्या आतच ती सोडून देणारा हाच तो युवराज. चित्रात गणवेश नाही, पदके नाहीत. हातात एक छोटा कुत्रा आहे आणि अंगात आडव्या पट्ट्यांच्या रंगीत नक्षीचा लोकरी जंपर. १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर तो असाच जंपर घालून उतरला होता. शेटलंडमधल्या लर्विक गावच्या जेम्स स्मिथ या कापडव्यापाऱ्याने त्याला तो भेट म्हणून पाठवला होता. युवराजाने अंगात घातले म्हटल्यावर बाकीच्यांना वेगळे सांगावे लागले नाही. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांपासून न्यूयॉर्कच्या दुकानांपर्यंत या विणकामाचे 'फेअर आयल' हे नाव पसरले.

तेव्हापासून या विणकामावर जे काही लिहिले गेले त्यातले बहुतेक नक्षीबद्दल आहे. नक्षी आहेही तशीच. पण दोन रंगांचा स्वेटर एकदा तरी विणून पाहिलेली कोणतीही बाई तो हातात येताच आधी उलटा करून बघते. दोन रंगांचे विणकाम बिघडते ते मागच्या बाजूने. मागून नेलेला धागा जरा ओढला गेला की पुढे चुण्या पडतात आणि सगळा पन्हा आकसतो. जरा सैल सुटला की पुढचा टाका फुगतो आणि मागे लोंबणाऱ्या धाग्यात बोटे अडकतात. फेअर आयलचा जुना जंपर मात्र टेबलावर पसरला की सपाट पडून राहतो, एक टाका वर नाही, एक खाली नाही. ही सफाई कुठून आली, तिच्यासाठी कोणती हत्यारे घडली आणि ती करणाऱ्या बायकांच्या पदरात काय पडले, हा इतिहास नक्षीच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे आणि तो कमी सांगितला गेला आहे.

फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्क्नी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध असलेले बेट. जेमतेम ५ किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद. झाडे जवळपास नाहीत, वारा मात्र बारमाही. १५८८ मध्ये स्पेनच्या आरमारातले 'एल ग्रान ग्रिफॉन' हे जहाज इथल्या खडकांवर फुटले आणि त्यावरचे सुमारे ३०० लोक काही आठवडे या चिमुकल्या बेटावर अडकून पडले. त्यावरून एक आख्यायिका निघाली की रंगीत नक्षी बेटावरच्या बायका या स्पॅनिश खलाशांकडून शिकल्या. ऐकायला गोड असली तरी तिला कसलाच पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात माल विकताना तिचा उपयोग झाला, एवढे खरे.

पुरावा म्हणून हाती आहे ती एक थैली. १९५१ च्या मे महिन्यात शेटलंडमधल्या गनिस्टर गावाजवळ इंधनासाठी दलदलीतली माती कापताना दोघा माणसांना एका मृताचे कपडे सापडले. हाडे जवळजवळ विरघळून गेली होती, पण लोकर दलदलीत टिकून राहिली होती. कपड्यांत एक विणलेली थैली होती आणि तीत एक स्वीडिश व दोन डच नाणी. त्यांतले सर्वात अलीकडचे १६९० चे. करड्या रंगाच्या त्या थैलीवर लाल आणि पांढऱ्या धाग्यांची नक्षी आहे. शेटलंडमध्ये सापडलेला रंगीत विणकामाचा इतका जुना दुसरा नमुना नाही. थैली कुठे विणली गेली हे कुणीच सांगू शकणार नाही, पण तीनशे वर्षांपूर्वी या बेटांवरच्या एका माणसाच्या खिशात ती होती. फेअर आयलच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वात जुन्या वस्तू त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८५० च्या सुमाराला दिसू लागतात. कोळ्यांच्या लांब टोप्या, थैल्या, मोजे. अंगभर नक्षीचा जंपर ही विसाव्या शतकातली गोष्ट.

त्या जुन्या टोप्यांतले रंग ठरलेले. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा, बाकी पिवळा, पांढरा आणि मेंढीच्या अंगचा तपकिरी. लाल आणि निळा बाहेरून विकत आणावा लागे. त्या काळात ब्रिटनमध्ये उतरणारी नीळ मुख्यतः बंगालची होती, तेव्हा उत्तर समुद्रातल्या कोळ्याच्या डोक्यावरचा निळा पट्टा आपल्याकडच्या निळीच्या मळ्यांशी नाते सांगणारा असण्याची शक्यता बरीच. आणखी एक धागा मुंबईपर्यंत येतो. लर्विकमध्ये जन्मलेला आर्थर अँडरसन हा 'पी अँड ओ' या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. याच कंपनीच्या डाकबोटी पुढे वर्षानुवर्षे मुंबई बंदरात लागत राहिल्या. गावाकडच्या विणकामाला चांगले गिऱ्हाईक मिळावे म्हणून १८३७ मध्ये या अँडरसनने नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम मोजे नजर केले.

राणीच्या पायात मोजे गेले, पण ते विणणारीच्या हातात पैसा आला नाही.

शेटलंडच्या बायका दुकानदाराला माल देत आणि त्याबदल्यात त्याच्याच दुकानातला चहा, साखर, कापड घेत. रोख मागितली तर मिळत नसे. दुकानदार फार तर एक चिठ्ठी लिहून देई आणि ती त्याच्याच दुकानात चाले. घरात पीठ संपलेले असताना हातात चहाची पुडी घेऊन परतायचे, मग ती पुडी शेजारणीला तोट्यात देऊन पीठ मिळवायचे, हे नित्याचे होते. १८७२ च्या जानेवारीत सरकारने नेमलेले विल्यम गथ्री लर्विकला आले आणि त्यांनी या पद्धतीची चौकशी केली. बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. त्या छापील अहवालात आजही वाचायला मिळतात आणि वाचताना संताप येतो, कारण त्यांत कुठेही तक्रारीचा आरडाओरडा नाही. इतके मोजे दिले, इतका चहा मिळाला, एवढेच शांतपणे सांगितले आहे. मालाचा भाव दुकानदाराने तो हातात धरून, ताणून, उलटून बघून ठरवायचा. चुणी दिसली की भाव पडला. फेअर आयलच्या लोकांना यातून एकच पळवाट होती. बेटाजवळून एखादे जहाज जाताना दिसले की माणसे होड्या वल्हवत त्याच्याकडे जात आणि टोप्या-मोजे देऊन हवे ते घेत. तिथेही चालत्या जहाजावरच्या खलाशाला क्षणात पसंत पडेल असाच माल लागे. सफाई ही बेटावरच्या बाईची हौस नव्हती. पोटासाठी ती लागत होती.

ती साधण्याची पहिली युक्ती नक्षीतच दडलेली आहे. फेअर आयलच्या जंपरमध्ये दहा-बारा रंग दिसले तरी कोणत्याही एका ओळीत दोनच रंग असतात. ओळ बदलली की कधी जमिनीचा रंग बदलतो, कधी नक्षीचा, आणि दुरून सगळे रंग एकमेकांत मिसळत गेल्यासारखे वाटतात. विणणारीच्या हातात मात्र एका वेळी दोनच धागे. शिवाय नक्षी तिरप्या रेषांची. एक मोठे गोलसर घर, शेजारी एक फुली, पुन्हा घर, पुन्हा फुली. तिरपी रेघ दर ओळीला एक टाका पुढे सरकते, म्हणून मागच्या धाग्यांची ओढ एकाच जागी साचत नाही. सरळ उभी रेघ काढली असती तर प्रत्येक ओळीत त्याच जागी ताण पडून तिथे खाच दिसली असती. एका रंगाचे टाकेही सलग फार घ्यायचे नाहीत, पाच-सात झाले की पुरे. त्यामुळे मागे लांब धागा लोंबत नाही. या नक्षीचे सौंदर्य आणि तिची सोय वेगळी काढता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या नमुन्यांनी विणकाम आकसवले ते गळून गेले असणार आणि जे सपाट पडले ते टिकले असणार, असे हे नमुने पाहताना वाटत राहते.

दुसरी युक्ती गोल विणण्याची. आपल्याकडे घरोघरी दोन सुयांवर पाठ, पोट, बाह्या असे वेगवेगळे तुकडे विणायची पद्धत रुळली. तीत एक ओळ सुलट आणि परतीची उलट. बहुतेकींचा हात उलट टाक्याला थोडा सैल पडतो आणि मग नीट पाहिले तर ओळीआड ओळ जाड-बारीक दिसते. शेटलंडची बाई जंपरचे धड नळीसारखे गोल विणत वर जाते. सुलट बाजू सतत समोर, सगळे टाके सुलट, आणि नक्षी डोळ्यांपुढे असल्यामुळे चूक झाली तर लगेच कळते.

मग येतो तो हात. त्याच्या मदतीला शेटलंडमध्ये एक पट्टा असतो, 'मॅकिन बेल्ट'. विणकामाला तिथे 'मॅकिन'च म्हणतात आणि सुयांना 'वायर'. कमरेला बांधायच्या या चामडी पट्ट्यावर उजव्या बाजूला घोड्याचे केस ठासून भरलेली एक अंडाकृती गादी आणि तिला भोके. लांब पोलादी सुईला दोन्हीकडे टोक असते. उजव्या सुईचे मागचे टोक या भोकात खोचले की ती जागची हलत नाही. उजव्या हाताला तिचा भार पेलावा लागत नाही, तो नुसता धागा घालत राहतो. पाठीवर इंधनाच्या ढेकळांची टोपली घेऊन चालता चालता विणणाऱ्या बायकांची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. ती पाहून लोक त्यांच्या कष्टांबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या छायाचित्रांत आणखी एक गोष्ट आहे. चालतानाही टाका एकसारखा पडावा इतकी पक्की ती सुई रोवलेली आहे.

दोन धागे धरायचीही शिस्त आहे. मागच्या बाजूला एक धागा वरून जातो, दुसरा खालून. खालून जाणाऱ्या धाग्याचे टाके पुढे किंचित ठळक दिसतात, वरून जाणाऱ्याचे किंचित मागे सरतात. फरक केसाएवढा, पण अर्ध्या जंपरनंतर धाग्यांची अदलाबदल झाली तर तिथून नक्षी फिकी पडल्यासारखी दिसते. म्हणून नक्षीचा धागा खालून म्हणजे खालूनच, शेवटच्या ओळीपर्यंत. रंग बदलायच्या क्षणी उजव्या सुईवरचे टाके बोटाने जरा पसरून घ्यायचे आणि मग नवा धागा आणायचा. तेवढ्या पसरण्याने मागच्या धाग्याला हवी तितकीच ढील मिळते. ही गोष्ट लिहून समजावणे कठीण आणि आईच्या मांडीजवळ बसून शिकणे सोपे.

गोल विणण्यात एक अडचण उरते. पुढून उघडा कोट हवा असेल, बाह्यांसाठी जागा हवी असेल तर नळीचे काय करायचे? त्यावर शेटलंडने काढलेला उपाय पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवतो. जिथे उघडायचे तिथे आठ-दहा जादा टाक्यांची एक उभी पट्टी विणत जायची आणि सगळे झाले की त्या पट्टीच्या मधोमध सरळ कात्री चालवायची. विणकाम उसवत नाही, कारण शेटलंडच्या मेंढीची लोकर एकमेकीला धरून ठेवते. तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात. या मेंढ्यांची लोकर पूर्वी कातरतही नसत. उन्हाळ्याच्या तोंडाला ती सुटू लागली की हातानेच उपटून काढत, त्यामुळे तंतूची टोके बोथट न होता निमुळती राहत आणि लोकर मऊ लागे. सफाईच्या दृष्टीने त्या जादा पट्टीचा आणखी एक मोठा उपयोग. गोल विणताना प्रत्येक फेरी जिथे संपून नवी सुरू होते तिथे नक्षीला एक पायरी पडते, आणि रंग बदलले की धाग्यांची टोकेही तिथेच साचतात. पायरी, गाठी, टोके असे सगळे या पट्टीत ढकलायचे आणि शेवटी कापून आत दुमडून टाकायचे. अंगावरच्या नक्षीत त्याचा मागमूस राहत नाही.

सुयांवरून उतरलेला जंपर तरीही ओबडधोबडच असतो. नवख्या माणसाला वाटेल फसला. त्याची खरी परीक्षा पुढे, कोमट पाण्यात. साबणाच्या पाण्यातून अलगद काढला की लोकर फुलते आणि टाक्यांमधली भोके भरून निघतात. मग तो ओला जंपर बोर्डावर चढवतात. हा बोर्ड म्हणजे माणसाच्या धडाच्या आकाराची लाकडी चौकट. दोन उभ्या पट्ट्या, बाह्यांसाठी दोन हात, आणि जागोजागी भोके व खुंट्या. छाती किती रुंद, बाही किती लांब ते खुंट्या सरकवून ठरवायचे. खालचा काठ दोऱ्याने चौकटीला ताणून बांधायचा, मनगटाचेही तसेच. मग चौकट उचलून बाहेर वाऱ्यात उभी करायची. घराच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, हात पसरलेले जंपर शेटलंडच्या जुन्या छायाचित्रांत ओळीने दिसतात. ताणलेल्या अवस्थेत ओला धागा सैल टाक्यातून शेजारच्या घट्ट टाक्यात थोडा थोडा सरकतो आणि वाळेपर्यंत दोघे सारखे होतात. मोज्यांना आणि हातमोज्यांना त्यांच्या त्यांच्या आकाराच्या फळ्या असत.

बोर्ड सगळे झाकतो असा मात्र गैरसमज नको. एखादा टाका सैल, एखादा घट्ट, एवढे तो सावरून घेतो. मागचा धागाच आखूड पडला असेल तर कितीही ताणा, चुणी वाळल्यावर परत येणारच. उलट ताणलेल्या जंपरवर ती अधिक उठून दिसते. म्हणून बोर्डावरून उतरलेला सपाट जंपर ही विणणारीच्या हाताची खरी साक्ष.

युवराजाच्या चित्रानंतरच्या दोन दशकांत मागणी वाढली आणि धागाही बदलला. हाताने कातलेल्या लोकरीची जाडी गजागजाला बदलते. बेटावरची लोकर आता मुख्य भूमीवरच्या गिरण्यांत कातायला जाऊ लागली आणि एकसारखा दुपदरी धागा होऊन परत येऊ लागली. १९३० च्या दशकात चमक येण्यासाठी रेयॉनही वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धात शेटलंडमध्ये हजारो सैनिक तळ ठोकून होते. त्यांना घरी पाठवायला जंपर आणि हातमोजे हवे असत आणि ते रोख मोजत. १८७२ च्या साक्षीदार बायकांच्या नातींना आपला भाव आपण सांगता आला, तो या काळात. नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेतून निसटून आलेले लोकही याच बेटांवर उतरले. त्यांच्या आठ पाकळ्यांच्या चांदणीची नक्षी शेटलंडच्या सुयांवर पुढे मोठ्या प्रमाणात दिसू लागली.

युद्धानंतर घरगुती विणयंत्रे आली आणि कामाची वाटणी झाली. धड आणि बाह्या यंत्रावर साध्या विणायच्या, गळ्याभोवतीचा नक्षीदार गोल तेवढा हाताने. वेळ वाचला आणि जंपर स्वस्त झाले. १९७१ मध्ये उत्तर समुद्रात ब्रेंट तेलक्षेत्र सापडले आणि त्या दशकात शेटलंडच्या सलम व्हो इथे तेलाचे मोठे बंदर उभे राहिले. तिथे आठवड्याला पगार मिळत होता. रात्र-रात्र विणून मिळणाऱ्या पैशांची त्याच्याशी बरोबरी होणे शक्य नव्हते. बायकांनी सुया ठेवल्या, आणि त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही.

शाळांतून विणकाम शिकवले जाई, तेही २०१० मध्ये खर्चकपातीत बंद करण्याचे शेटलंडच्या स्थानिक परिषदेने ठरवले. त्याच वर्षी तिथे लोकर सप्ताह भरू लागला आणि आता दर सप्टेंबरअखेर जगभरच्या विणकाम करणाऱ्या बाया-बाप्यांची लर्विकमध्ये गर्दी होते. पाहुणे येतात ही चांगली गोष्ट, पण बेटावरच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. काही वर्षांनी 'पीरी मॅकर्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. 'पीरी' म्हणजे तिथल्या बोलीत लहान. जुन्या जाणत्या बायका मोबदला न घेता लहान मुलामुलींचे गट घेऊन बसतात. आधी कमरेला पट्टा बांधायचा, सुई भोकात रोवायची, मग एका रंगाचे टाके. हात बसला की दुसरा रंग, आणि दुसरा रंग आला की बाई मुलाच्या हातातले विणकाम घेऊन पहिल्यांदा उलटे करून बघते.